कालज्ञ भास्कराचार्य

घरोघर भिंतीवर घड्याळ टांगलेले असावे, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी नाही. पूर्वी परभणी, पाथरी, गंगाखेड, जिंतूर अशा गावांतील माणसे दिवसा अंगणातील सावली पाहून आणि रात्री माथ्यावरचे नक्षत्र पाहून वेळ ओळखीत. शेतीच्या आणि घरच्या कामांना तेवढे पुरत असे. लग्नाचा मुहूर्त मात्र नेमका साधावा लागे. त्यासाठी जोशीबुवा घटिकापात्र मांडीत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक लहान वाटी अलगद सोडीत. तिच्या बुडाशी बारीक छिद्र असे. त्या छिद्रातून पाणी हळूहळू आत शिरे, आणि वाटी भरून बुडाली की एक घटका झाली असे समजत. एका अहोरात्रात अशा ६० घटका आणि एका घटकेत ६० पळे. आजच्या मापाने घटका २४ मिनिटांची व पळ २४ सेकंदांचे होते. घड्याळ हा आपला शब्द या घटिकेवरूनच आला आहे. आणि तास हा शब्द ज्या धातूच्या थाळीवर वेळेचे टोले देत, त्या थाळीचे नाव आहे.

घटकांची ही मोजणी सूर्योदयापासून सुरू होत असे. सूर्य उगवला की पहिली वाटी पाण्यावर सोडावयाची, असा नियम. आता मुलांनो, विचार करा. ज्या देशात सूर्य दोन-दोन महिने मावळतच नाही, आणि पुढे दोन महिने उगवतही नाही, तेथे पहिली वाटी कधी सोडावी? असे देश पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे खरोखरच आहेत. त्या देशांत पाऊलही न ठेवता, त्यांच्या दिवसरात्रीचे गणित आठशेहून अधिक वर्षांपूर्वी एका थोर ज्योतिर्विदाने सह्याद्रीच्या परिसरात बसून मांडले होते. ते ज्योतिर्विद म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. हे आपणांस निश्चित ठाऊक आहे, कारण आपला जन्मशक त्यांनी स्वतःच्या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. आपले गाव सह्य पर्वताजवळचे विज्जडविड होय, असेही त्यांनी लिहिले आहे. हे गाव आज कोणते, याविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी ते चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरात शोधतात, कोणी बीडचे नाव घेतात. त्यांचे वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषशास्त्रात पारंगत होते, आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. घरातच शाळा, घरातच ग्रंथसंग्रह आणि घरातच प्रश्न विचारणारा गुरू, असे भाग्य त्यांना लाभले. त्या काळी दक्षिणेत कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य उतरणीला लागले होते आणि यादवांचे घराणे उदयास येत होते. राज्यांची उलथापालथ चालली असताना हे पितापुत्र ग्रहांच्या गती मोजीत होते.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी आपला ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिले दोन भाग गणिताचे व पुढचे दोन आकाशाचे. लीलावती या भागातील उदाहरणे भुंगे, हंस, कमळे, मोर आणि साप यांनी गजबजलेली आहेत. त्यांतील गणिते आजही मुलांना सोडवावीशी वाटतात.

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या, अशी एक कथा प्रसिद्ध आहे, आणि ती घटिकापात्राचीच कथा आहे. मुलीच्या विवाहाला एकच शुभ घटका आहे असे पित्याला गणिताने कळले होते. त्याने घटिकापात्र मांडले. वाटी कशी बुडते हे पाहण्यासाठी मुलगी कुतूहलाने वाकली, तोच तिच्या अलंकारातील एक मोती निसटून वाटीत पडला आणि छिद्र बुजले. वाटी बुडेना. सर्वजण वाट पाहत राहिले आणि शुभ घटका केव्हाच निघून गेली. दुःखी पित्याने मुलीचे नाव अमर करण्यासाठी आपल्या ग्रंथाला तिचे नाव दिले. कथा मोठी हृद्य आहे. पण ती भास्कराचार्यांच्या ग्रंथांत नाही. अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसीत भाषांतर केले, त्यात ती आढळते. तेव्हा ती कथा म्हणूनच ऐकावी.

घटिकापात्राविषयी भास्कराचार्यांनी स्वतः जे लिहिले आहे, ते या कथेइतके हृदयस्पर्शी नाही, पण त्यांच्या बुद्धीची जात दाखविणारे आहे. जुन्या ग्रंथकारांनी वाटीचे तांबे किती वजनाचे असावे, तिची उंची किती, रुंदी किती, छिद्र पाडावयाची सोन्याची सुई केवढी, हे सारे बारकाईने सांगून ठेवले होते. भास्कराचार्यांना हा खटाटोप निरर्थक वाटला. अशी तंतोतंत वाटी घडविणे कठीण, आणि तशी ती घडवावयाची गरजही नाही. कोणतीही सच्छिद्र वाटी घ्यावी, अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजावे, आणि ६० घटकांना त्या संख्येने भागावे. वाटी एकदा बुडण्यास किती वेळ लागतो, ते आपोआप कळते. वाटीला गणिताप्रमाणे घडविण्यापेक्षा गणितानेच वाटीला ओळखावे, हा त्यांचा मार्ग होता. गोलाध्यायातील यंत्रांच्या प्रकरणात त्यांनी शंकू, चक्र, चाप, गोल अशी पुष्कळ यंत्रे वर्णिली, स्वतः कल्पिलेले फलकयंत्रही सांगितले. आणि शेवटी बुद्धी हेच सर्वांत श्रेष्ठ यंत्र, असे सांगून एका साध्या काठीने काय काय मोजता येते, ते दाखविले.

भास्कराचार्यांच्या ग्रंथात पृथ्वी वाटोळी आहे. ती अवकाशात निराधार आहे. तिच्या अंगी आकर्षणशक्ती आहे आणि जड वस्तू तिच्याकडे ओढल्या जातात, असे ते सांगतात. वाटोळी असूनही ती सपाट का दिसते, याचे उत्तर त्यांनी दिले की, पृथ्वीचा परिघ प्रचंड आणि माणूस चिमुकला; त्याच्या दृष्टीला परिघाचा अगदी लहानसा अंश दिसतो आणि तो सरळ भासतो. पृथ्वी स्थिर आहे आणि सूर्य तिच्याभोवती फिरतो, असे मात्र ते मानीत. आज आपण जाणतो की, फिरते ती पृथ्वी. परंतु दिवस केव्हा उगवेल व केव्हा मावळेल, एवढ्यापुरते गणित दोन्ही रीतींनी सारखेच येते.

त्या काळी पुराणांतील एक वर्णन लोकांच्या मनात घट्ट बसलेले होते. पृथ्वी आरशासारखी सपाट असून मध्यभागी सोन्याचा मेरू पर्वत आहे, आणि सूर्य त्या पर्वताच्या आड गेला की रात्र होते, असे ते वर्णन. भास्कराचार्यांनी त्याला सरळ प्रश्न केले. पृथ्वी जर सपाट आहे आणि सूर्य तिच्यावर उंच फिरतो आहे, तर तो सर्वांना सर्वकाळ का दिसू नये? मेरूमुळे जर रात्र होते, तर आपल्या व सूर्याच्या मध्ये उभा असलेला तो मेरू आपल्याला का दिसत नाही? आणि मेरू तर उत्तरेला आहे; मग हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकून का उगवतो? हा शेवटचा प्रश्न पडताळण्यास ग्रंथाची आवश्यकता नाही. मार्गशीर्ष-पौषात पहाटे घराबाहेर उभे राहून सूर्य कोठून वर येतो ते पाहावे.

पृथ्वी वाटोळी म्हटली की, सर्व ठिकाणी एकाच वेळी सूर्योदय होणे शक्य नाही, हे ओघानेच आले. जुन्या ज्योतिष्यांनी पृथ्वीच्या विषुववृत्तावर, एकमेकींपासून परिघाच्या चौथ्या हिश्शाइतक्या अंतरावर, चार नगरे कल्पिली होती : लंका, तिच्या पूर्वेस यमकोटी, पश्चिमेस रोमक आणि लंकेच्या अगदी विरुद्ध बाजूस सिद्धपूर. भास्कराचार्य सांगतात की, लंकेत सूर्य उगवतो, तेव्हा यमकोटीस मध्यान्ह असते, सिद्धपुरास सूर्यास्त होत असतो आणि रोमकास मध्यरात्र असते. ही लंका म्हणजे आजचे श्रीलंका बेट समजू नये. ते विषुववृत्ताच्या बरेच उत्तरेस आहे. गणिताच्या सोयीसाठी मानलेला तो एक बिंदू होता.

सोय कोणती, ते लक्षात घेण्याजोगे आहे. विषुववृत्तावर वर्षभर दिवस ३० घटकांचा आणि रात्रही ३० घटकांची असते. परभणीस उन्हाळ्यातील सर्वांत मोठा दिवस सुमारे ३३ घटकांचा होतो व रात्र २७ घटकांची. हिवाळ्यात याच्या उलट. उत्तरेकडे जावे तसा हा फरक वाढत जातो. म्हणून ज्योतिष्यांनी सर्व देशांसाठी लंकेचा काळ हा मूळ काळ धरला. लंकेपासून निघून उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून थेट उत्तरेस मेरूपर्यंत, म्हणजे उत्तर ध्रुवापर्यंत, एक रेषा कल्पिली आणि तिला मध्यरेषा म्हटले. एखादे गाव या रेषेच्या पूर्वेस असेल, तर तेथे मध्यान्ह आधी होते; पश्चिमेस असेल, तर नंतर होते. या फरकाला देशांतर म्हणतात. देशांतर काढण्यास चंद्रग्रहण उपयोगी पडत असे. ग्रहण सर्वांना एकाच क्षणी दिसते, पण प्रत्येक गावच्या घटका वेगळ्या असतात. त्या घटकांची वजाबाकी म्हणजेच त्या दोन गावांमधील काळाचे अंतर.

आपल्या जिल्ह्याचे देशांतर आपणही काढू शकतो. उज्जैन सुमारे ७५ अंश ४६ कलांवर आहे आणि परभणी सुमारे ७६ अंश ४६ कलांवर. म्हणजे परभणी एक अंश पूर्वेस. एका अंशाला १० पळे. तेव्हा परभणीचा सूर्य उज्जैनपेक्षा १० पळे, म्हणजे ४ मिनिटे, आधी माथ्यावर येतो. आपले शेजारचे बीड आणि खानदेशातील भुसावळ ही दोन्ही गावे तर जवळजवळ त्या मध्यरेषेवरच वसली आहेत. आज सर्व भारताचे घड्याळ ८२ अंश ३० कलांच्या रेषेवरून लावलेले असते. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. तिच्या मानाने परभणीचा सूर्य सुमारे २३ मिनिटे मागे आहे, जुन्या भाषेत एका घटकेहून किंचित कमी. दुपारी घड्याळात बारा वाजलेले असताना आपली सावली अजून पश्चिमेकडे झुकलेली बहुधा दिसते, याचे मुख्य कारण हे होय. सर्वांसाठी एक रेषा मानावी आणि प्रत्येकाने आपला फरक त्यात मिळवावा किंवा वजा करावा, ही युक्ती दोन्हीकडे एकच आहे.

आता आपण त्या उत्तरेकडच्या देशांकडे वळू. परभणीतून पाहिले, तर ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे १९ अंश उंच दिसतो, कारण परभणीचा अक्षांश तेवढाच आहे. ध्रुवाच्या भोवती १९ अंशांच्या आत जे तारे आहेत, ते कधीच मावळत नाहीत. ते ध्रुवाला प्रदक्षिणा घालीत राहतात. उत्तरेस जावे तसा ध्रुव वर चढतो आणि न मावळणाऱ्या ताऱ्यांचे वर्तुळ मोठे होत जाते. अक्षांश ६९ असेल, तर ध्रुवापासून ६९ अंशांच्या आतील एकही तारा मावळणार नाही. उन्हाळ्यात सूर्य विषुववृत्तापासून उत्तरेस सरकतो. तो जास्तीत जास्त २४ अंश सरकतो असे भास्कराचार्यांनी धरले होते. आजचे माप सुमारे साडेतेवीस अंश आहे. त्या वेळी सूर्य ध्रुवापासून ६६ अंशांवर येतो, म्हणजे त्या न मावळणाऱ्या वर्तुळात शिरतो. मग तोही त्या ताऱ्यांप्रमाणेच मावळत नाही. क्षितिजाच्या वरून फिरत राहतो.

म्हणून भास्कराचार्यांनी सांगितले की, ६६ अंशांच्या पलीकडील देशांत नेहमीचे नियम चालत नाहीत; तेथे काही काळ अखंड दिवस आणि काही काळ अखंड रात्र असते. अगदी मेरूवर तर सहा महिन्यांचा दिवस व सहा महिन्यांची रात्र. देवांचा दिवस सहा महिन्यांचा असतो, ही जुनी समजूत त्यांनी टाकून दिली नाही. देव मेरूवर राहत असतील तर त्यांचा दिवस तेवढाच असावयास हवा, हे त्यांनी गोल हाती घेऊन दाखविले.

येथपर्यंत त्यांच्या पूर्वीचे आचार्यही पोहोचले होते. भास्कराचार्यांचे वेगळेपण पुढे दिसते. त्यांच्या आधी सुमारे चारशे वर्षे लल्ल नावाचे मोठे ज्योतिषी होऊन गेले. त्यांचा ग्रंथ सर्वत्र अभ्यासला जाई. भास्कराचार्यांनी स्वतः त्यावर टीका लिहिली आहे. लल्लांनी असे म्हटले होते की, साडेसहासष्ट अंश अक्षांशावर धनू व मकर या दोन राशी कधीच दिसत नाहीत, आणि ७५ अंशांवर वृश्चिक व कुंभ याही दिसत नाहीत. ज्या राशी कधी उगवत नाहीत, त्यांच्या समोरच्या राशी कधी मावळत नाहीत, हे ओघाने येते. भास्कराचार्यांनी हिशेब केला, तो जमेना. त्यांच्या गणिताने पहिला आकडा ६९ अंश २० कला आला आणि दुसरा ७८ अंश १५ कला. लल्लांचे दोन्ही आकडे सुमारे तीन अंशांनी कमी होते. हे तीन अंश कोठे गेले, असा खडा सवाल त्यांनी आपल्या ग्रंथात गणितज्ञांना टाकला.

क्षणभर विचार करा. चूक होती ती कोणत्या देशाविषयी? जेथे त्यांच्या ओळखीचा एकही मनुष्य गेलेला नव्हता. कोणाचा मुहूर्त त्यामुळे चुकत नव्हता, कोणत्या राजाचा महसूल बुडत नव्हता, कोणा शेतकऱ्याची पेरणी थांबत नव्हती. लल्लांचा आकडा तसाच राहू दिला असता, तरी त्या काळी कोणी बोट ठेवले नसते. लल्लांविषयी आदर असूनही भास्कराचार्यांना तो तसा ठेवता आला नाही. मला तर वाटते की, सिद्धांतशिरोमणीतील मोठमोठ्या शोधांइतकेच हे तीन अंश त्यांची ओळख पटवितात.

त्यांची ही वृत्ती म्हातारपणीही कमी झाली नाही. शके ११०५ मध्ये, म्हणजे इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. पंचांग करणाऱ्यांना रोजच्या रोज लागणारे ग्रहगणित सोपे करून द्यावे, हा त्याचा हेतू. पुढे कित्येक पिढ्यांतील जोशी या ग्रंथावरून पंचांगे करीत आले.

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर हेही विद्वान होते. यादव राजा जैत्रपाल याने त्यांना पाटणहून आपल्या दरबारी नेले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालू राहावे, म्हणून चांगदेवांनी पाटण येथे एक मठ स्थापन केला. तेथील सामंत सोइदेव याने शके ११२८ मध्ये चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्या मठाला दान दिले. बाजारात येणाऱ्या मालातून आणि तेलाच्या घाण्यांमधून मठाला हिस्सा मिळावा, अशी तजवीजही झाली. हे सर्व एका शिलेवर कोरलेले आहे. त्यातील काही मजकूर संस्कृतात आहे व काही जुन्या मराठीत. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा शिलालेख १८६५ मध्ये प्रकाशात आणला. गावच्या तेल्याने घाण्यामागे तेलाचा वाटा द्यावा आणि मठात गोलाध्याय शिकविला जावा, अशी व्यवस्था आठशे वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात होती.

गोलाध्यायाची ही परंपरा गोदावरीच्या काठाने आपल्या जिल्ह्यातही आली. पाथरीचे जुने नाव पार्थपूर. तेथे ज्ञानराज नावाचे ज्योतिषी राहत. त्यांनी शके १४२५ मध्ये, म्हणजे इ. स. १५०३ मध्ये, ‘सिद्धांतसुंदर’ हा ग्रंथ रचला. सिद्धांतशिरोमणीनंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी रचलेला हा सिद्धांतग्रंथ. भास्कराचार्यांचे सगळेच म्हणणे ज्ञानराजांना मान्य नव्हते. पुराणांतील वर्णने आणि ज्योतिषाचे गणित यांचा मेळ घालावा, अशी त्यांची इच्छा होती, आणि काही ठिकाणी त्यांनी भास्कराचार्यांशी वाद केला आहे. लल्लांना प्रश्न विचारणाऱ्या भास्कराचार्यांना पाथरीच्या ज्ञानराजांनी प्रश्न विचारावेत, हे शास्त्राच्या रीतीला धरूनच झाले. ज्ञानराजांचे पुत्र सूर्यपंडित यांनी मात्र भास्कराचार्यांच्या ग्रंथांवर टीका लिहिण्यात आपले पांडित्य वेचले. बीजगणितावरील त्यांची ‘सूर्यप्रकाश’ ही टीका १५३८ ची, आणि लीलावतीवरील ‘गणितामृतकूपिका’ ही १५४१ ची. हे सूर्यपंडित मोठे गमतीचे कवीही होते. त्यांच्या एका काव्यातील ओळी सरळ वाचल्या तर रामाची कथा निघते, आणि उलट वाचल्या तर कृष्णाची.

पुढे भास्कराचार्यांचे नाव परदेशांतही पोहोचले. लीलावती इंग्रजीत गेली. गोलाध्यायाचे विल्किन्सन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. ते तपासून शुद्ध करणारे पंडित बापूदेव शास्त्री हे मूळचे महाराष्ट्रातील; काशीच्या संस्कृत पाठशाळेत ते अध्यापक होते. ६९ अंश २० कला आणि ७८ अंश १५ कला हे आकडे अशा रीतीने युरोपातील वाचकांसमोर गेले.

युरोपच्या उत्तर टोकाशी नॉर्वे नावाचा देश आहे. त्याच्या उत्तर भागात समुद्रकाठी ट्रॉम्सो हे शहर आहे. त्याचा अक्षांश सुमारे ६९ अंश ४० कला, म्हणजे भास्कराचार्यांच्या पहिल्या आकड्याला लागूनच. तेथे १२ अंगुळांचा शंकू उभा केला, तर विषुवदिनी मध्यान्ही त्याची सावली ३२ अंगुळांवर जाते. परभणीस ती चार अंगुळांहून थोडीच अधिक असते. भास्कराचार्यांच्या गणिताप्रमाणे अशा ठिकाणी, सूर्य मिथुन व कर्क या दोन राशींत आहे तोवर, मावळू नये. या राशी वसंतसंपातापासून मोजावयाच्या. तशा मोजल्या म्हणजे हा काळ सुमारे २१ मे ते २२ जुलै असा येतो. ट्रॉम्सोला मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत मध्यरात्रीही सूर्य दिसतो. हवेतून येताना किरण किंचित वाकतात, म्हणून आणखी काही दिवस तो क्षितिजावर रेंगाळतो. लल्लांचा साडेसहासष्ट अंशांचा आकडा खरा असता, तर हा दोन महिन्यांचा दिवस ट्रॉम्सोच्या दक्षिणेस सुमारे ३५० किलोमीटरांवरच सुरू व्हावयास हवा होता. तेथे प्रत्यक्षात सूर्य न मावळता राहतो तो जून महिन्याच्या आसपास, त्याहून बरेच कमी दिवस.

तेथील माणसे वेळ कशी पाळतात? १८९५ पासून नॉर्वेने सर्व देशासाठी एकच प्रमाणवेळ धरली आहे. ती ग्रीनिचच्या एक तास पुढे आहे, आणि आता उन्हाळ्यात घड्याळे आणखी एक तास पुढे करतात. सूर्य आकाशात असो वा नसो, शाळेची घंटा आणि दुकानांची दारे त्या घड्याळाप्रमाणे चालतात. उन्हाळ्यात रात्री झोपण्यासाठी लोक खिडक्यांना जाड पडदे लावतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य वर येत नाही. तेव्हा मुले दिव्यांच्या उजेडात शाळेला जातात.

नॉर्वेच्याही उत्तरेस, बर्फाळ समुद्रात, स्वालबार्ड नावाची बेटे आहेत. भारतात प्रमाणवेळ सुरू झाली, त्याच १९०६ साली तेथे कोळशाच्या खाणीसाठी एक वस्ती उभी राहिली. तिचे नाव लाँगइयरब्येन. भास्कराचार्यांच्या काळी त्या जागी मनुष्यवस्ती नव्हती. तिचा अक्षांश ७८ अंश १३ कला आहे. भास्कराचार्यांनी ७८ अंश १५ कलांसाठी सांगितले होते की, तेथे वृषभ, मिथुन, कर्क आणि सिंह या चार राशी कधी मावळत नाहीत. लाँगइयरब्येन येथे २० एप्रिलच्या सुमारास सूर्य मावळावयाचा थांबतो, आणि चार महिने आकाशात फिरत राहून २३ ऑगस्टच्या सुमारास पहिल्यांदा क्षितिजाखाली जातो.